वैनगंगेकाठचा कायदा

द्वारकेच्या सहाव्या सेक्टरमधील एका सहकारी गृहसंस्थेत, पाचव्या मजल्यावर, आबांचे वास्तव्य आहे. पालमच्या विमानतळावर उतरणारी विमाने या मजल्याच्या इतकी जवळून जातात, की बोलणाऱ्याला वाक्य मध्येच थांबवून ती जाऊ द्यावी लागतात. श्रीकृष्णाच्या नगरीचे नाव धारण करणारे हे उपनगर सरकारी कागदांत आधी पपनकलाँ म्हणून ओळखले जात होते. आबा मूळचे वैनगंगेकाठच्या पवनीचे. मराठीच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे येथे राहावयास आले. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी थोडी झोप आणि संध्याकाळी सात वर्षांच्या नातीला गोष्ट वाचून दाखवणे, असा त्यांचा दिनक्रम आहे.

एका संध्याकाळी नात शाळेतून तपकिरी लोकरीची लांब शेपटी घेऊन आली. वार्षिक संमेलनात 'जंगल बुक'वर आधारलेले नाटक बसवले जात होते आणि त्यात तिची निवड वानरांच्या टोळीत झाली होती. शेपटीमुळे ती हरखून गेली होती. मात्र शेपटी कमरेला बांधून घरभर हिंडून झाल्यावर ती जरा हिरमुसून म्हणाली, "आबा, माझा वेगळा डायलॉगच नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून एकच बोलायचं. आणि आम्हांला नावंपण नाहीत."

आबांनी कपाटातून जुनी प्रत काढली. तिच्या समासात पेन्सिलीने केलेल्या फिकट खुणा होत्या. वानरांची गोष्ट त्यांनी पुन्हा चाळली. मुलीचे म्हणणे बरोबर होते. लांडग्यांना, अस्वलाला, काळ्या बिबळ्याला, अजगराला, फार काय एका घारीलाही लेखकाने नाव दिले आहे. वानरांपैकी एकालाही दिलेले नाही. हे पुस्तक आबांनी आयुष्यात किती वेळा वाचले असेल याची गणती नाही. इंग्रजी बालकथांमधील वसाहतवादी प्रतिमासृष्टीवर त्यांनी एकदा व्याख्यानही दिले होते. असे असूनही ही गोष्ट त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती.

या ग्रंथाशी त्यांचे नाते साधे नव्हते. शाळेच्या ग्रंथालयात, नववीत असताना, तो प्रथम त्यांच्या हाती पडला. इंग्रजी जेमतेम कळत होते. चिपळूणकरांच्या नावावर रूढ असलेली वाघिणीच्या दुधाची उपमा गुरुजींनी वर्गात सांगितली होती आणि ते दूध पचवण्याचा प्रयत्न मुलगा आपल्या परीने करीत होता. वाचता वाचता एका पानावर नदीचे नाव आले. अक्षरे ओळखीची वाटेनात. पण मोठ्याने उच्चारून पाहिल्यावर ती त्याचीच नदी निघाली. ज्या वैनगंगेत त्याची आई कपडे धुवी, जिच्या वाळूत उन्हाळ्यात टरबुजांच्या वाड्या लागत, ती वैनगंगा साहेबाच्या पुस्तकात वाहत होती! त्या मुलाला झालेला आनंद लटका नव्हता. आपले गाव जगाच्या नकाशावर कोणीतरी पाहिले आहे, असे त्याला वाटले. त्याने समासात देवनागरीत नदीचे नाव लिहिले. पुढे ग्रंथालयाची जीर्ण पुस्तके विक्रीस निघाली तेव्हा आबांनी ती प्रत मिळवली. ती खूण अजून तिथे आहे.

भूगोलाच्या दृष्टीने मुलाचे काही चुकले नव्हते. वैनगंगा उगम पावते ती सिवनी जिल्ह्यात. तेथून बालाघाट, गोंदिया, भंडारा या भागांतून वाहत ती गडचिरोलीच्या सीमेवर वर्धेला मिळते. मोगलीच्या कथा घडतात त्या सिवनीच्या टेकड्यांत. १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि सिवनी व भंडारा हे दोन्ही जिल्हे त्याच प्रांताचे. म्हणजे मराठी वाचक ज्याला परके रान समजतो ते वस्तुतः त्याच्या शेजघरचे आहे. आश्चर्याची बाब अशी की, ज्याने या रानाला जगभर कीर्ती मिळवून दिली त्या रड्यार्ड किपलिंगने ते पाहिल्याचा पुरावा नाही. त्याचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक. आया आणि घरगडी यांच्या तोंडून देशी भाषांतल्या गोष्टी ऐकत त्याचे शैशव गेले आणि सहावे वर्ष पुरे होण्याच्या आत त्याची इंग्लंडला पाठवणी झाली. 'जंगल बुक' १८९४ मध्ये व त्याचा दुसरा भाग १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखन झाले ते अमेरिकेतील व्हर्माँट प्रांतात, बर्फाने वेढलेल्या घरात. रानाचा तपशील त्याने मुख्यतः रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या सिवनीविषयीच्या आणि प्राण्यांविषयीच्या पुस्तकांतून उचलला. हरवलेल्या बालपणाची ओढ आणि उसनी माहिती यांतून ते अरण्य उगवले आहे. त्याच्या मोहकतेचे रहस्यही यातच असावे.

प्राण्यांच्या द्वारा राज्यकारभाराचे चित्र रंगवण्याची रीत काही किपलिंगने सुरू केली नाही. श्रीरंगपट्टण पडल्यानंतर कंपनीने जे पदक पाडले त्यावर ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघाला चीत करतो आहे. १८५७ च्या ऑगस्टमध्ये 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात हाच सिंह बंगाली वाघावर सूड घेण्यासाठी झेपावलेला दिसतो. ते व्यंगचित्र काढणारा जॉन टेनिएल याच्याच हाताने आठ वर्षांनी 'ॲलिस इन वंडरलँड'मधील ससा आणि मांजर यांना रूप दिले. मुलांच्या पुस्तकातला प्राणी आणि साम्राज्याच्या प्रचारातला प्राणी हे एकाच लेखणीतून उतरले, ही वस्तुस्थिती बालसाहित्याच्या निरागसतेविषयी बोलणाऱ्यांनी विसरू नये. आपल्याकडेही या भाषेला उत्तर त्याच भाषेत दिले गेले. १८८१ च्या जानेवारीत पुण्याहून निघालेल्या पत्राचे नाव 'केसरी' ठेवले गेले. जगन्नाथ पंडिताच्या अन्योक्तीतील निद्रिस्त सिंहाच्या रानात रेंगाळू नकोस, असा इशारा त्याच्या मुखपृष्ठावरून गजराजाला दिला गेला. सिंह कोणाचा, हा त्या काळी केवळ काव्याचा प्रश्न नव्हता.

'जंगल बुक'च्या पहिल्या भागातील शेवटची गोष्ट तर रूपकाचा पडदाही ठेवीत नाही. रावळपिंडीच्या छावणीत पावसाळी रात्री तोफखान्याचे बैल, खेचर, घोडा, उंट आणि हत्ती आपापल्या भीतीविषयी बोलतात. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय आणि अफगाणिस्तानचा अमीर यांच्यासमोर संचलन होते. अमिराबरोबर आलेला एक सरदार विचारतो, हे सारे कसे जमते? उत्तर मिळते की जनावर हाकणाऱ्याचे ऐकते, हाकणारा सार्जंटचे, आणि अशी एकेक पायरी चढत आज्ञापालन सम्राज्ञीपर्यंत जाते. आमच्याकडे असे असते तर, असे सरदार म्हणतो, तेव्हा त्याला ऐकवले जाते की तसे नाही म्हणूनच तुमच्या अमिराला आमच्या व्हाइसरॉयची आज्ञा घ्यायला यावे लागते. संबंध ग्रंथाचा नैतिक आराखडा येथे उघडा पडतो. मात्र मुलांसाठीच्या आवृत्त्यांतून बहुधा हीच गोष्ट गाळलेली असते.

आबांच्या नातीला अर्थात संचलनात रस नव्हता. तिला आवडली ती मुंगसाची गोष्ट, आणि खरा पेच उभा राहिला तो तिच्यामुळे. पुरातून वाहत आलेल्या मुंगसाच्या पिल्लाला सुगौलीच्या छावणीतील इंग्रज कुटुंब जीव लावते. बागेत नाग आणि नागीण राहत असतात. मुंगूस साहेबाच्या मुलाचे रक्षण करते, नागाला धरते, साहेब बंदूक झाडतो; मग मुंगूस नागिणीची अंडी फोडते आणि शेवटी बिळात शिरून तिलाही संपवते. आबा वाचत होते, मुलगी श्वास रोखून ऐकत होती. अंडी फुटल्यावर तिने विचारले,

"आबा, नागिनच्या बच्च्यांनी काय केलं होतं?"

"त्यांनी काही केलं नव्हतं. मोठे होऊन चावतील अशी भीती होती."

"पण बाग तर आधी त्यांचीच होती ना?"

आबांना उत्तर सुचले नाही. एक विमान जात होते, त्याचा आधार घेऊन ते गप्प राहिले. मुलीने जे विचारले होते ते कथेतच आहे. बंगला रिकामा असला म्हणजे या बागेचे राजाराणी आपणच, असे नागीण नागाला बजावते. साहेबाचे कुटुंब मारले की बंगला पुन्हा रिकामा होईल, हा तिचा हिशेब असतो. राज्य गेलेल्या राजघराण्याचा हा कट आहे. १८५७ ची स्मृती ज्या इंग्रज वाचकांच्या मनात ताजी होती त्यांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यातही सुगौलीची छावणी! ज्या तहाने १८१६ साली नेपाळचा मोठा मुलूख कंपनीच्या पदरात पडला तो याच गावाच्या नावाने प्रसिद्ध आहे. बागेतील लहान पाखरे नाग मेल्यावर आनंदगीते गातात आणि चिचुंद्री भिंतीच्या कडेकडेने रडत फिरते. खोलीच्या मध्यभागी येण्याचे धैर्य तिला कधी होत नाही. मुंगूस ज्याच्या मांडीवर बसते त्याचे राज्य बागेला मानवते, असा या गोष्टीचा अभिप्राय आहे.

मुंगूस, मूल आणि साप यांची गोष्ट आपल्या भाषांना फार जुनी. पंचतंत्रातली ब्राह्मणी पाण्याला जाते; मुंगूस पाळण्याजवळ आलेल्या सापाला मारते; रक्ताळलेले तोंड पाहून बाई समजते की त्याने मूल खाल्ले, आणि घागर त्याच्या अंगावर टाकते. आत जाऊन पाहते तो मूल हसत असते. किपलिंगच्या कानावर ही कथा आयांच्या तोंडून पडली असणे शक्य आहे. निश्चित सांगता येत नाही. पण दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की फरक लख्ख दिसतो. पंचतंत्रात चूक धन्याची आहे, पश्चात्ताप धन्याचा आहे आणि धडा घ्यावयाचा तो ज्याच्या हाती घागर आहे त्याने. सुगौलीच्या बंगल्यात धनी चुकूच शकत नाही. त्याच्या हाती बंदूक असून ती योग्य वेळीच उडते. सेवकाच्या निष्ठेविषयी सेवकालाच शिकवणारी कथा आणि धन्याच्या अविवेकाविषयी धन्याला सुनावणारी कथा यांतले अंतर एका साम्राज्याइतके आहे.

त्याच रात्री जेवताना नातीला आबांनी कालियाची गोष्ट सांगितली. तीही डोहातल्या विषारी नागाचीच. कृष्ण त्याच्या फण्यांवर नाचतो, त्याचा ताठा उतरवतो. परंतु नागपत्न्या विनवतात आणि कृष्ण त्याला ठार न मारता सहकुटुंब समुद्राकडे जावयास सांगतो. मुलीला हे पटले. "म्हणजे शिफ्ट केलं," असे ती म्हणाली. द्वारकेत दर दोन-तीन वर्षांनी बापाच्या बदलीबरोबर शेजारची मुले जातात, त्या अनुभवाचा हा शब्द होता. विस्थापन ही काही दया नव्हे, असे आबांच्या जिभेवर आले. पण ते त्यांनी गिळले. पंचतंत्रही काही भोळे नाही. ते राजपुत्रांना राजनीती शिकवण्यासाठी रचले गेले. करटक-दमनक हे कोल्हे दरबारी मुत्सद्दी आहेत आणि कोणी कोणाच्या पायरीने राहावे याविषयी त्यातील उपदेश पुष्कळदा कठोर आहे. परकीयांच्या कथा प्रचारकी आणि आपल्या तेवढ्या निर्मळ, असे मानण्याची जी हौस अलीकडे दिसते तिला या ग्रंथात आधार नाही.

वानरांकडे परत यावयास हवे. ज्या देशात वेशीवेशीवर मारुती उभा आहे, जेथे वानरसेनेने सेतू बांधला, तेथे वानरजातीला कायदा नसलेली, आठवण नसलेली, दुसऱ्याचे शब्द चोरून बोलणारी, मोठमोठ्या योजना आखून त्या विसरून जाणारी म्हणून रंगवावे यात हेतू नसेल असे म्हणवत नाही. त्यांना दिलेले 'बंदर-लोग' हे नावही 'साहिब लोग'च्या धर्तीवरचे आहे. इंग्रजी शिकून स्वराज्याची भाषा बोलू लागलेल्या हिंदी सुशिक्षितांचे ते विडंबन आहे, असे अनेक समीक्षकांनी म्हटले आहे. काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले ते १८८५ साली, पुस्तकाच्या नऊच वर्षे आधी, हे पाहता तो तर्क निराधार वाटत नाही. (१९६७ च्या डिस्नेच्या चित्रपटात या वानरांना एक ओरांगउटान राजा म्हणून दिला गेला. हिंदुस्थानच्या रानात ओरांगउटान नाही आणि मूळ कथेत वानरांना राजाच नाही. पण अमेरिकेने स्वतःची वर्णचिंता त्यात मिसळली, तो वेगळा विषय.)

याच वैनगंगेच्या खोऱ्यात, नागझिऱ्याच्या रानात, व्यंकटेश माडगूळकर जाऊन राहिले होते. 'नागझिरा' हे त्यांचे पुस्तक त्या मुक्कामाचे आहे. पुढे १९८२ मध्ये त्यांची 'सत्तांतर' ही वानरांवरची कादंबरी आली आणि पुढल्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माडगूळकरांनी वानरांना नावे दिली. त्यांच्या टोळीला सीमा आहेत, म्होरक्या आहे, माद्यांची आपसांतली माया आणि हेवा आहे, सत्ता हिसकावून घेणारा नर आणि त्याने मारलेली पिल्ले आहेत. ते कोणाचे प्रतीक म्हणून अवतरत नाहीत. उलट माणसाच्या सत्तालालसेचे मूळ वानरात दिसते आहे की काय, अशी शंका वाचकालाच येऊ लागते. किपलिंगने माणसांचा तिरस्कार वानरांवर लादला. माडगूळकरांनी तासन् तास बसून वानर पाहिले. मराठीचा हा वाटा जगाच्या बालसाहित्य-चर्चेत कधी आलेला नाही. कारण उघड आहे: ती चर्चा वाघिणीच्या दुधावर चालते.

किपलिंगच्या रानाचा प्राण म्हणजे त्याचा कायदा. भालू तो पिल्लांना पाठ करून घेतो. मोगली माणसात परततो आणि मोठा होतो तेव्हा त्याचे काय होते, हे लेखकाने आधीच, १८९३ साली, दुसऱ्या एका कथेत सांगून ठेवले होते: तो इंग्रज सरकारच्या जंगल खात्यात पगारी नोकर होतो आणि पुढे निवृत्तिवेतनावर त्याचा हक्क असतो. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलाच्या नशिबी शेवटी वनरक्षकाची नोकरी, याचे कोणाला हसू येईल. परंतु तो तर्काला धरूनच झालेला शेवट आहे. १८७८ च्या वन कायद्याने अरण्यांची प्रतवारी करून राखीव रानांवरील वहिवाटीचे हक्क सरकारच्या मर्जीवर टाकले. गवत, सरपण, मोह, चारोळी या ज्या वस्तू गोंडांना रानाने दिल्या होत्या त्या आता खाते देणार होते, किंवा देणार नव्हते. भालूने शिकवलेला कायदा आणि जंगल खात्याचा कायदा यांना एकच रान लागले होते. पहिल्याची कीर्ती एवढी झाली की दुसऱ्याचे नावही मुलांच्या कानावर येत नाही.

त्या दुसऱ्या कायद्याला १९३० साली उत्तर मिळाले. त्या वर्षीच्या जुलैत बापूजी अण्यांनी पुसदला राखीव रानातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. आणि त्याच वर्षी सिवनी जिल्ह्यात, मोगलीच्या सिवनीत, टुरिया येथे गवत कापण्यासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. चार गोंड माणसे मेली, त्यांत तीन स्त्रिया होत्या. आज टुरिया हे पेंच व्याघ्रप्रकल्पाचे एक मुख्य प्रवेशद्वार आहे. आसपासच्या विश्रामगृहांच्या पाट्यांवर मोगलीची चित्रे रंगवलेली असतात. सहलीला आलेल्या मुलांना त्या तीन बायांविषयी कोणी काही सांगतो की नाही, हे ज्याने त्याने तेथे जाऊन पाहावे.

मग असे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे काय? हा प्रश्न अन्यत्रही विचारला गेला आहे. फ्रेंच बाबार हत्तीची पहिली गोष्ट १९३१ साली निघाली, पॅरिसमध्ये वसाहतींचे भव्य प्रदर्शन भरले त्याच साली. शिकाऱ्याने आईला मारलेले हत्तीचे पिल्लू शहरात येते, एका वृद्धेच्या पैशाने हिरवा सूट घेते, मोटार चालवते आणि परत जाऊन हत्तींचा राजा होते. चिलीचे लेखक एरियल डॉर्फमन यांनी त्यातला शिकवून सवरून परत पाठवलेला देशी राजा अचूक ओळखला. अमेरिकन शिक्षणविचारक हर्बर्ट कोल यांनी तर १९९५ च्या आपल्या पुस्तकाला बाबार जाळावा काय, असेच प्रश्नार्थक नाव दिले. जाळण्याची भाषा समीक्षकाला शोभत नाही, आणि मुलांना तर बंदी घातलेलेच पुस्तक आधी हवे असते. शिवाय लांडगीण जेव्हा वाघासमोर उभी राहून माणसाच्या पोराला आपले म्हणते, तेव्हा कोणत्याही साम्राज्याला त्या क्षणावर हक्क सांगता येत नाही. तो क्षण आबांनी नववीत वाचला होता आणि सत्तरीला टेकल्यावरही तो वाचताना त्यांचा आवाज बदलतो.

संमेलनाच्या आदल्या रविवारी आबा नातीला घेऊन ब्ल्यू लाइनच्या मेट्रोने प्राणिसंग्रहालयात गेले. ते जुन्या किल्ल्याच्या भिंतीला लागून आहे. हा किल्ला शेरशाह सूरीच्या नावाशी जोडलेला, आणि वाघ मारल्यामुळे त्याला आधी जी पदवी मिळाली होती ती होती शेर खान. "वाघाला मारणाऱ्याचं नाव वाघाला कसं दिलं?" असे मुलीने विचारले. किपलिंगच्या लंगड्या, कायदा न मानणाऱ्या वाघाला इंग्रजांच्या आधी दिल्लीवर राज्य केलेल्या एका पठाणाचे नाव मिळावे, हा योगायोग आहे की नाही हे आबांना ठरवता आले नाही. पिंजऱ्यातला वाघ त्यांच्याकडे पाठ करून झोपला होता.

परतीच्या गाडीत तिने शेपटीविषयी विचारले. सर्व वानरांच्या शेपट्या सारख्याच असल्या तर कोण कोण ते कसे कळणार? आबांनी तिला माडगूळकरांच्या वानरांविषयी सांगितले. घरी आल्यावर तिने आपल्या शेपटीच्या टोकाला लाल धागा गुंडाळला आणि वानराला एक नाव ठेवले, ते कोणाला सांगावयाचे नाही या अटीवर आबांना सांगितले. नाटकात ती इतरांबरोबर जे बोलावयाचे तेच बोलली.

उन्हाळ्याच्या सुटीत पवनीला जाण्याचे ठरले आहे. नागपूरपर्यंतची तिकिटे काढून झाली. वैनगंगेकाठी वाघ आहे का, असे नातीने विचारले तेव्हा आबांनी तिला 'जय'ची गोष्ट सांगितली. नागझिऱ्याच्या रानातला हा वाघ २०१३ साली शेते, रस्ते आणि नद्या ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात गेला. त्याचे नाव 'शोले'तल्या नायकावरून पडले होते. खात्याने त्याच्या गळ्यात यंत्राचा पट्टा अडकवला होता, त्यामुळे तो कोठे आहे ते समजत असे. २०१६ च्या एप्रिलपासून ते समजेनासे झाले. पुष्कळ शोध झाला.

"मग तो सापडला?"

"नाही."

"पट्टा पण नाही?"

"पट्टाही नाही."

मुलगी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. विमान जाईपर्यंत दोघेही काही बोलले नाहीत. मग तिने पुस्तक ओढून घेतले आणि समासातल्या पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवून, लागत लागत, नदीचे नाव वाचले.